हरळीची सोयरीक

पुलाच्या मधोमध, पुढच्या पिकअपमधून काहीतरी हिरवं, गोल, जड सुटलं. लोळत लोळत प्रतिभाच्या स्कूटीपाशी आलं आणि चाकापुढे पायघडीसारखं उलगडलं.

तिने करकचून ब्रेक दाबला. पुढे उभी असलेली अहिल्या आईच्याच ओढणीने आईच्या कमरेला बांधलेली होती. ती पडली नाही, आपटली नाही, तिला काही म्हणजे काही झालं नाही. तरी प्रतिभाने आधी तिचं कपाळ चाचपलं, मग हनुवटी, मग दात. केडगावच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, की पोरीला साधा खोकला आहे, औषधसुद्धा नको. म्हणजे एक घोर मिटला होता... आणि दुसरा लगेच रस्त्यावर येऊन पसरला.

पिकअप थांबली. त्यातून उतरलेला माणूस जवळजवळ पळतच आला.

"लागलं का लेकराला?"

"लागलं असतं तर?" प्रतिभा म्हणाली. "मागं उसाचा ट्रॅक्टर असता तर? कठड्यावर गेलो असतो तर? खाली भीमा आहे, दिसते ना?"

"दिसती की. रोजच दिसती." तो ओशाळा होऊन उभा राहिला. "पन मॅडम, गवत हाय हो. दगड न्हाई."

अहिल्याने तोवर ओढणीची गाठ सोडवून घेतली होती. ती त्या हिरव्या पट्ट्यावर फतकल मारून बसली आणि तळव्याने गवताला असं थोपटू लागली, जसं आजी तिला थोपटते.

प्रतिभाने वाकून एक काडी उपटली. पेर पाहिलं, पान पाहिलं. "ही तर हरळी आहे."

"हळू बोला." तो इकडेतिकडे बघत कुजबुजला. "गिऱ्हाइकापुढं लॉन म्हनायचं. हरळी म्हटलं की लोक म्हनतात, ही आमच्या बांधाला फुकट हाय."

"आमचे मामा कांद्याच्या रानातून ही काढून काढून थकले. आणि तुम्ही गुंडाळ्या करून विकता?"

"तेच तर. तुमच्या मामांना सांगा, तुम्ही काढता ती मला द्या."

हसू आलं तिला. ते तिने ओठांतच धरलं, कारण मामा म्हणजे तिचे सासरे, आणि नवरा सोपान वारल्यापासून गावाच्या शिवेवर कुणा परक्या माणसाशी हसणं तिने बंद केलं होतं. सोपान गेला तेव्हा अहिल्या अजून रांगतही नव्हती.

"अहू, ऊठ."

"नाही. मऊ आहे."

तो माणूस खाली बसला, पट्ट्याचं एक टोक हलकेच धरलं आणि म्हणाला, "पाटस, चौफुला, केडगाव... तिकीट तिकीट!" आणि पट्टा हातभर ओढला. अहिल्या तोंड उघडून खदखदून हसली. पुन्हा हातभर. पुन्हा हसणं. मागून एक उसाची बैलगाडी आली आणि गाडीवान काही न बोलता थांबून बघत राहिला, तेव्हा कुठे प्रतिभाला भान आलं.

तिने पोरीला उचललं, बांधलं, स्कूटी चालू केली.

"मी मल्हार," तो म्हणाला. "पाटसच्या अलीकडं नर्सरी हाय माझी. तुम्ही नाव काय म्हनालात?"

"मी नाव सांगितलं नाही."

"त्येच म्हनतोय."

वडगाव रासाईच्या देवळापर्यंत तिने आरशात तीनदा पाहिलं. पोरीसाठी नव्हे, पोर तर समोरच उभी होती.

*

शिरूरला एसटी स्टँडजवळ एका औषधाच्या दुकानावर प्रतिभाचा जर्मनचा वर्ग भरायचा. पुण्याला कॉलेजात असताना हौसेने शिकलेली भाषा आता अशी उपयोगी आली होती. नर्सिंग केलेल्या मुली जर्मनीला जायचं म्हणून यायच्या. त्यांतली सुलक्षणा व्याकरणापेक्षा बाईंच्या चेहऱ्याचा अभ्यास जास्त करायची.

एक दिवस दारात मल्हार उभा. चपला बाहेर काढलेल्या, शर्ट इस्त्रीचा.

"ॲडमिशन बंद आहे," प्रतिभा म्हणाली. वर्ग सापडला कसा याला?

"ॲडमिशन नको. एक शब्द पाहिजे." तो दारातूनच बोलला. "रांजणगावला एका कंपनीत लॉन टाकलं. तिथला जर्मन साहेब आला, गुडघ्यावर बसला, माझ्या गवताची एक काडी उपटली आन् म्हनला, क्वेके. मग हसला. तवापासून मला झोप न्हाई. शिवी दिली का शाबासकी, एवढंच सांगा. शिरूरात जर्मन कुणाला येतं म्हनून विचारलं, तर समद्यांनी हाच जिना दाखवला."

मुली खुसखुसल्या. प्रतिभाने फळ्यावर शब्द लिहिला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"शिवी नाही. तण आहे. तिकडचे शेतकरी क्वेके काढून काढून कावतात. तुमच्या गवतासारखंच, जमिनीखालून पळणारं."

मल्हारचा चेहरा पडला. "म्हंजी तिकडं बी आमचा उद्धारच."

"तण म्हणाला आणि हसला कशाला मग?" सुलक्षणाने विचारलं. "मॅडम, नीट बघून सांगा ना. बिचारे एवढ्या लांबून आलेत."

"बघून सांगते," प्रतिभा म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर तिला वाटलं, हे आपण काय कबूल केलं.

"मग मी बाजाराच्या दिवशी येतो." तो चपला घालायला वाकला. "पोरगी बरी हाय का? खोकत होती त्या दिवशी."

पुलावर अहिल्या एकदाच खोकली होती. ते याच्या ध्यानात राहिलं होतं.

परतीच्या एसटीत प्रतिभाने मोबाइल उघडला. रेंज यायची, जायची. एका शब्दातून दुसरा शब्द निघत होता, त्यातून तिसरा. आपल्या न्हावऱ्याला उतरायचं ते ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि उसाच्या कडेने उलटी चालत आली. वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास होता. आपण एका तणाच्या मागे एवढं का लागलोय, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. उत्तराची भीती वाटत होती.

*

बाजाराच्या दिवशी वर्ग सुटल्यावर ते रसवंतीत बसले. अहिल्या सोबत होती. प्रतिभाने मुद्दाम आणली होती. पोर मध्ये असली की कुणी काही म्हणत नाही.

"साहेबानं कौतुकच केलं असेल," ती म्हणाली. "ऐका. जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश या सगळ्या एका घरच्या भाषा. खूप खूप मागे त्यांची एक आजी होती. तेव्हा या गवताला ती क्विकवो म्हणायची—"

"आजीनं लिहून ठेवलंय?"

"नाही. नातवंडांच्या तोंडवळ्यावरून आजीचा चेहरा ताडावा, तसं अभ्यासकांनी ताडलंय. तिची लेकरं बघा. जर्मनीत क्वेके. हॉलंडात क्वेक. डेन्मार्कात क्विक. नॉर्वेत क्वेके, स्वीडनमध्ये क्विकरूट. इंग्लंडात आधी क्विच, तेच पुढं घासून घासून काउच झालं..."

"भावकी मोठी हाय." मल्हारने रसाचा ग्लास अहिल्याच्या तोंडापाशी धरला, पण त्यातला बर्फ आधी बोटाने काढून टाकला. प्रतिभाने ते पाहिलं. "आन् आजीनं नाव ठेवलं त्याचा अर्थ काय?"

"जिवंत." ती क्षणभर थांबली. "आज इंग्रजीत क्विक म्हणजे चटकन. पूर्वी क्विक म्हणजे जिवंत. उपटलं, तोडलं, उन्हात टाकलं तरी मरत नाही, म्हणून जिवंत. आणि गंमत... आपला जीव आहे ना, जीव, तोही त्याच मुळाचा. लांबचा चुलत."

मल्हारने ग्लास पोरीच्या हातात दिला. चरकाच्या घुंगरांचा आवाज तेवढा राहिला.

"म्हंजी साहेब गुडघ्यावर बसला आन् जीव म्हनला."

"तसं... धरलं तर."

"धरलं," तो म्हणाला. तिच्याकडे बघत म्हणाला, आणि बघतच राहिला. तिने ओढणी सारखी केली. सारखीच होती.

"अजून एक आहे," ती घाईने म्हणाली. "डच लोक शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या टोकाला गेले. तिथं त्यांचं गवत नव्हतं. होती ती हरळी. हीच, आपली. तसंच पेरापेराला मूळ धरणारी. त्यांनी आपलं घरचं नाव तिलाच दिलं. अजून तिथं हरळीला क्वेक म्हणतात. नाव परमुलखात गेलं आणि दुसऱ्याच गवताच्या घरी नांदायला लागलं."

"म्हंजी नावाचा पाट लागला."

तो सहज बोलून गेला. पण पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, हा शब्द टेबलावर पडला तशी प्रतिभा उगाच अहिल्याचं तोंड पुसू लागली. मल्हारच्या ते लगेच लक्षात आलं.

"माझा आजा गवताच्या मागं फिरला," तो विषय बदलत म्हणाला. "मेंढरं घेऊन, पाऊस सरला की पार कोकनापातूर. आज्जी म्हनायची, जिथं गवत तिथं आपलं गाव. बापानं मेंढरं विकली. आन् मी गवताला म्हटलं, लई फिरवलंस, आता तू बस."

"आमचेही मामा तेच सांगतात. मेंढरांचं."

"मग आपली बी भावकीच."

"भावकी नको," ती पटकन म्हणाली... आणि कानाच्या पाळ्या तापल्या. भावकीत लग्न होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. अहिल्या तेवढी रस पीत होती.

*

मग काही ना काही निमित्त निघत गेलं. कधी तो शिरूरला माल टाकायला आला म्हणून, कधी अहिल्याला नर्सरीतला पाण्याचा फवारा बघायचा म्हणून. फवाऱ्याखाली हिरवे पट्टे ओळीने भिजत असायचे, आणि मल्हार पोरीला सांगायचा, पाय ठेव, झोपलेत ते, हळू. तो कधी प्रतिभाच्या फार जवळ उभा राहिला नाही. पण चहा देताना कपाचा कान नेहमी तिच्या बाजूला फिरवून द्यायचा.

आणि घरी आली की प्रतिभाचा जीव था‍ऱ्यावर नसायचा. भाकरी करपायची. अहिल्या अंगणात दिसली नाही की हाक, दिसली की पुन्हा हाक. सासू तानुबाई चुलीपाशी बसून म्हणायची, "आगं, पोरगी हितंच हाय. कुनी न्हेत न्हाई तिला."

कुनी न्हेत न्हाई. हेच वाक्य ऐकलं की ती पोरीला उचलून आत आणायची.

संक्रांत सरल्यावर मल्हारने विचारलं. नर्सरीच्या बांधावर, भर दुपारी, लपूनछपून नाही.

"आपल्यात पाट हाय. लाजायचं काय त्यात? माझं वय झालंय, घरी आईशिवाय कोन न्हाई. मी तुमच्या मामांकडं मानसं घेऊन येऊ का?"

प्रतिभाला हो म्हणायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं.

"नको," ती म्हणाली.

"मी आवडत न्हाई?"

"तसं असतं तर सोपं होतं." तिने फवाऱ्याखाली नाचणाऱ्या पोरीकडे बोट केलं. "पाट लागला की बाई जाते. लेकरू राहतं. ज्याच्या घरचं त्याच्या घरी. आमच्या शेजारच्या साळूबाईंची लेक अशीच गेली. तिचा मुलगा तिला जत्रेत भेटतो आणि मावशी म्हणतो. मावशी! मला नाही जमणार."

"तुम्ही विचारलं का घरी?"

"विचारायचं काय? सोपानचं एवढंच उरलंय त्यांच्याकडे. विचारलं की त्यांना कळणार, हिचं मन उठलं. मग ते तिला माझ्याजवळ झोपूसुद्धा देणार नाहीत. विचारलं की संपलं, मल्हार."

पहिल्यांदाच तिने नुसतं नाव घेतलं होतं. ते दोघांनाही कळलं, आणि त्यामुळे सगळं आणखीच अवघड झालं.

"मी विचारतो मग."

"तुम्ही विचारलंत तर मला तिथं उभं राहायलाही जागा उरणार नाही. शपथ घ्या."

त्याने शपथ घेतली नाही, पण मान डोलावली. मग अहिल्याला हाक मारून तिचे ओले केस आपल्या उपरण्याने पुसले. पुसताना अहिल्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तो हसून "बरं" म्हणाला. काय, ते प्रतिभाने विचारलं नाही. डोळे भरून आले होते, आणि स्कूटी चालवायची होती.

*

आठवड्याने ती शिरूरहून आली तर अंगणात, तुळशीच्या पुढे, चटईएवढं हिरवंगार लॉन. त्यावर अहिल्या पालथी पडलेली, हनुवटी तळव्यांवर. आणि शेजारी सासरे ज्ञानू, हातात कुदळ.

"हरळी," ते म्हणत होते. त्यांचा आवाज थरथरत होता. "माझ्या दारात हरळी. भावकीच्या वैऱ्यानं बी माझ्या रानात कवा हरळी टाकली न्हाई. आन् ह्यो कोन दिवसाढवळ्या येऊन लावून गेला. पानी बी घालून गेला."

"मल्हारकाका," अहिल्याने खालूनच सांगितलं. "मीच मागितली. माझ्या कानात... नाही, त्यांच्या कानात."

प्रतिभाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गवत विकणाऱ्या माणसाने लाडक्या पोरीला गवत दिलं. दुसरं काय देणार तो? पण शेतकऱ्याच्या दारात हरळी म्हणजे वैर, एवढंही त्याच्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं, आणि पोरीच्या शब्दापुढे त्याने ते बाजूला सारलं?

"कोन मल्हार?" ज्ञानू.

"कुदळ खाली ठिवा," तानुबाई ओट्यावरून म्हणाली. "पोरगी बसलीय त्याच्यावर."

ज्ञानूंनी कुदळ टाकली आणि काही न बोलता रानाकडे निघून गेले. प्रतिभा ओट्याच्या पायरीवर बसली. तानुबाई सुपात कांद्याचं बी पाखडत होती. हात चालूच होता.

"मी घरी हुते त्यो आला तवा," ती म्हणाली. "मला म्हनला, आत्या, प्रतिभाताईंना ठावं नसंल, पन पोरीला शब्द दिलाय. म्या म्हटलं, लाव. बघू तर कसा लावतो. दीड तास उकिडवा बसून लावत हुता. ही त्याच्या पाठीवर. त्यानं एकदा बी खाली उतर म्हटलं न्हाई."

"आत्या, मी त्यांना नकोच म्हटलंय. रासाईची आण. विषय संपलाय. मी कुठंही जात नाही. अहिल्या इथंच, मी इथंच..."

"म्या त्ये इचारलं का?"

प्रतिभा सुपातून सांडलेलं बी वेचू लागली.

"माझ्या आईचा पाट लागला," तानुबाई म्हणाली, "तवा मी हिच्याएवढी हुते. आज्ज्यानं ठिऊन घेतली मला. लाडात वाढवली, खोटं कशाला बोलू. दुधाची कमी न्हाई, कुनी बोट लावलं न्हाई. आई सालातनं एकदा यायची. मी म्हशीच्या मागं जाऊन बसायचे. कुनी इचारलं तर म्हनायचे, मला न्हाई भेटायचं, मला शेन काढायचंय."

सूप थांबलं.

"तिला वाटायचं, पोरगी इसरली. म्या बी इसरू दिलं तिला. मरस्तोवर."

"आत्या..." प्रतिभा म्हणाली. जिच्या भीतीने ती सोपान गेल्यापासून सावध राहिली होती, ती बाई ही. आणि प्रतिभाने तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"तू मला कवाच का बोलली न्हाईस?" तानुबाई म्हणाली. रागावून नव्हे, खरंच कळत नसल्यासारखी. "मी काय वाघीण हाय का?"

"मला वाटलं, तुम्हाला सोपानचं..."

"सोपानचं दुःख माझं हाय. त्ये काय लेकराच्या पायात बांधायचं? पन माझं एकटीचं चालत न्हाई घरात. त्या मानसाला बी सोसलं पायजेल." तिने रानाच्या वाटेकडे पाहिलं. "त्येचं त्यो बघंल. येळ लागंल."

तानुबाईने त्याच रात्री ज्ञानूंच्या कानावर सगळं घातलं. वेळ लागला. ज्ञानू जेवायचे, रानात जायचे, अंगणातल्या त्या हिरव्या तुकड्याला वळसा घालून चालायचे. प्रतिभाशी बोलत नव्हते. अहिल्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलत होते, आणि ते बघून प्रतिभाचं काळीज तुटायचं. वर्गात तिने एकाच वाक्यात दोन वेगवेगळे काळ लिहिले. सुलक्षणा म्हणाली, "मॅडम, तुम्ही जर्मनीला जाताय की आम्ही?"

मल्हारला तिने फोनवर एवढंच सांगितलं, "तुम्ही हरळी लावलीत." तो म्हणाला, "पोरीनं मागितली. मला दुसरं काय येतं?"

शेवटी एका सकाळी ज्ञानूंनी तोंड धुता धुता म्हटलं, "त्याला बोलीव. मानसं घेऊन ये म्हनावं. आन् कुदळ बी आन म्हनावं. माझ्या कुदळीला त्याचा हात नको."

*

मल्हार आला तो आपले मामा साहेबराव यांना घेऊन. कुदळ होती. आई आली नव्हती. "आधी हुंदे काय ते," म्हणाली होती. ज्ञानूंचे चुलतभाऊ हौसराव आधीच येऊन ओट्यावर बसले होते.

चहा नाही, पाणी नाही. ज्ञानूंनी अंगणाकडे बोट दाखवलं. "काढ."

मल्हारने बाह्या सरसावल्या आणि खणायला लागला. ज्ञानू डोक्यावर उभे.

"हितं एक धागा ऱ्हायला."

"काढतो, मामा."

"वर वर न्हाई. खालनं. मूळ राह्यलं तर सालात अंगन खाईल."

"ठावं हाय, मामा. माझा धंदाच हाय."

"धंदा हाय म्हनून तर भ्याव वाटतंय."

साहेबरावांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं. अहिल्या आजीच्या मांडीवर रुसून बसली होती. प्रतिभा दाराच्या चौकटीत उभी होती. आत जावं की बाहेर थांबावं, हे तिच्या पायांना ठरवता येत नव्हतं.

हौसरावांनी तंबाखू मळता मळता तो विषय काढला, ज्याची ती महिनोन्महिने वाट चुकवत होती. "पाट लागंल, त्यात कुनाचं काय जात न्हाई. रीत हाय. पोरगी मातर सोपानची. ती हितं राहील. त्यात बोलायचं काय?"

कुदळ थांबली. मल्हारने वर पाहिलं, हौसरावांकडे नाही, प्रतिभाकडे. त्याला बोलायचं होतं. त्याची मानेवरची शीर दिसत होती. पण त्याने मान डोलावली होती त्या दिवशी, बांधावर, आणि तो शब्द तो पाळत होता.

"मला बोलायचंय," प्रतिभा म्हणाली.

बैठकीत बायका बोलत नाहीत. हौसरावांचा तंबाखू तसाच हातात राहिला. ज्ञानू मात्र म्हणाले, "बोल."

तिने किती वेळा मनात पाठ केलेलं सगळं पार पुसून गेलं.

"मामा, मी अहिल्याशिवाय जाणार नाही. तुम्ही नेऊ नको म्हणालात तर मी इथंच राहीन. तुमचं सगळं करीन. पण..." आवाज फाटला. "पण मग ती रोज बघेल, की माझी आई माझ्यामुळं अडकली. लेकरांना कळतं, मामा. मला तिच्यावर ते ओझं टाकायचं नाही. म्हणून विचारते. मी आधीच विचारायला पाहिजे होतं. भ्यायले."

ज्ञानू उकरलेल्या मातीकडे बघत राहिले. मग मल्हारकडे वळले.

"तिच्या नावाफुडं बापाचं नाव काय लावशील?"

"सोपान," मल्हार म्हणाला. लगेच म्हणाला, विचार न करता. "शाळेत बी सोपानच. ते कशाला बदलायचं? तिला बाप हाय."

ज्ञानूंनी तोंड फिरवलं. तानुबाईने अहिल्याला मांडीवरून उतरवलं आणि हळूच म्हणाली, "जा, आज्जाला पानी दे."

पोर पाणी घेऊन गेली. ज्ञानूंनी अर्धं पिऊन उरलेलं तिलाच पाजलं. "नदीच्या पल्याड तर हाय," ते कुणाकडे न बघता म्हणाले. "तिकडनं हितं यायला पूल हाय. आन् जत्रंला, दिवाळीला, कांदा काढायला ती हितं पायजे. ती आज्जाच म्हनंल मला. दुसरं काय न्हाई."

"तुम्ही म्हनाल तवा आनतो," मल्हार म्हणाला. "मीच सोडीन, मीच नेईन."

"पुलावर माल नीट बांधत जा आदी." त्यांना ती गोष्ट कळली होती तर. अहिल्यानेच सांगितली असणार. "हौसराव, तंबाखू खायचा का नुसता मळायचा? चहा टाका गं कुनीतरी."

*

हात धुवायला मल्हार मोरीपाशी आला. प्रतिभा तांब्या घेऊन उभी होती. त्याचे हात कोपरापर्यंत मातीचे, आणि तो एरवी इतकं बोलणारा माणूस, खाली बघत उभा.

ती पाणी ओतू लागली.

"तुम्ही मला एक विचारलं होतं," ती म्हणाली. "त्याला मी नको म्हटलं होतं."

"व्हय."

"परत विचारा."

"आत्ता?" त्याने ओट्याकडे नजर टाकली. "समदी ऐकत्यात."

"ऐकू देत."

त्याने तोंड उघडलं, मिटलं. "मी... म्हंजी तुम्ही..." मग हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "मला भ्या वाटतंय, प्रतिभा."

"मलाही," ती म्हणाली. "फार. पण हो."

अहिल्या कुठे आहे, हे तिने किती वेळात पाहिलं नव्हतं... हे तिच्या ध्यानात आलं, तरी तिने मान वर केली नाही. ती पाणी ओतत राहिली. त्याचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते.